शनीवरचा आळ

पिंगळीत मुंजाजीच्या दम्याला कुणी दमा म्हणतच नसे. 'मुंजाजीचा शनी' म्हणत. 'मुंजाजीचा शनी आज लय तापलाय,' असं विहिरीवर एकीनं म्हणावं आणि दुसरीनं 'शनिवारच हाय की मग,' म्हणत घागर उचलावी, इतकं ते गावाच्या अंगवळणी पडलं होतं. दुसऱ्याच्या दुखण्याची सवय माणसाला फार लवकर होते. खुद्द मुंजाजीलाही ती झाली होती, हे मात्र नवल.

त्याचं दुखणं वाराचं पक्कं होतं. परभणीच्या स्टेशनामागे कापसाची जिनिंग होती. मुंजाजी तिथं रुईघरात कामाला जायचा. मशीनमधून सरकी एका अंगाला पडायची आणि रुई उडत दुसऱ्या अंगाला यायची. ती गोळा करायची, गाठी बांधायच्या खोलीत नेऊन ओतायची आणि पायांनी तुडवून दाबायची. आत गेलेला माणूस घटकाभरात भुवयांपर्यंत पांढरा होई. राज्य निजामाचं, तेव्हा सुट्टी जुम्म्याची. शुक्रवारी मुंजाजी घरी असायचा, ओढ्यापर्यंत फिरून यायचा, शेजाऱ्यांशी बाता मारायचा. शनिवारी कामावर गेला की दुपार कलायच्या आत छातीवर कुणी जात्याची तळी ठेवावी तसं होई. संध्याकाळी गाडीतून पिंगळीला उतरल्यावर वाटेतल्या लिंबाच्या पारावर बसल्याशिवाय त्याला घर गाठता येत नसे. रविवारी जरा हलकं वाटे, सोमवारी आणखी हलकं, आणि बुधवार-गुरुवारी तो इतका सुधारे की त्याची बायको सारजाबाई म्हणायची, "गेलं बघा आता." मग पुन्हा जुम्मा यायचा आणि त्याच्या मागोमाग शनिवार.

आता दर शनिवारी दम लागतो म्हटल्यावर शहाण्या माणसानं काय समजायचं? बन्सीधर जोशी गावचे पंचांग सांगणारे. त्यांनी मुंजाजीचं नाव ऐकलं, बोटांची पेरं मोजली आणि जरा वाईट वाटल्यासारखं तोंड करून म्हणाले, "साडेसाती हाय. पण शनी देणं ठेवीत न्हाई कुणाचं. तेल घाल, उडीद वाहा, सोडील तो."

तेव्हापासून मुंजाजी दर शनिवारी गाडी धरण्याआधी मारुतीच्या देवळात जाऊन शनीच्या शिळेवर तेल घालू लागला. शिमग्यानंतर जिनिंग बंद व्हायची तेव्हा त्याला बरं वाटायचं. 'उन्हानं कफ वितळला,' असं सगळे म्हणायचे आणि तेही सगळ्यांना पटायचं.

बाकीचे उपायही चालूच होते, कारण देवावर सगळा भार टाकून हातावर हात ठेवून बसणारी सारजाबाई नव्हती. शेजारच्या धुरपताबाईनं बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला, त्याचं तेल ठिबकून दुधात पाडलं आणि ते दूध मुंजाजीला प्यायला लावलं. त्यानं दम गेला नाही, तोंड मात्र उतलं. एक वैदू धोत्र्याची वाळली पानं देऊन गेला. ती चिलमीत घालून ओढली की खरंच छाती मोकळी व्हायची, पण जीभ टाळूला चिकटायची आणि एकदा तर मुंजाजी दारातल्या बोरीला 'या पाव्हणं, बसा' म्हणाला. परभणीच्या हकीमसाहेबांचा काढा गोड होता. तो त्याला आवडायचा आणि गुणही पडायचा, गुरुवारपर्यंत.

अशी बरीच वर्षं गेली. मग दम वार पाळेनासा झाला. शनिवार वाईट असायचाच, पण आता बुधवार-गुरुवारही चांगले जात नव्हते आणि उन्हाळाही दगा देऊ लागला. एके दिवशी मुंजाजी रुई तुडवता तुडवता तिथंच बसला, आणि त्याला धरून बाहेर आणावं लागलं. घरी आल्यावर सारजाबाई म्हणाली, "तुमी आता घरी बसा. मी जाते."

बायकांचं काम मशीनपुढं बसून कपाशी सोडायचं असे. सारजाबाई राणीसावरगावच्या शेतकऱ्याची लेक. हात चपळ, मान ताठ आणि गळा असा की ती पहाटे जात्यावर बसली की तिची ओवी गल्लीच्या टोकाला ऐकू जायची. एका दमात पुरी ओवी म्हणायची आणि मग मूठभर जोंधळा घालायची, अशी तिची रीत. मुंजाजीला त्या ओव्यांचा फार अभिमान. लग्नात त्यानं बायको पाहिलीच नव्हती, पण दुसऱ्या दिवशी पहाटे ऐकली होती, असं तो सांगायचा.

पहिल्या सुगीला काही झालं नाही. दुसऱ्या सुगीत सारजाबाई शनिवारी संध्याकाळी खोकत आली. पुढच्या शनिवारी पुन्हा. मुंजाजीनं जोशीबुवांना गाठलं. त्यांनी पंचांग उघडलंसुद्धा नाही.

"नवऱ्याच्या साडेसातीत बायकोचा अर्धा वाटा असतो, मुंजा. अर्धांगीच की ती."

हे ऐकून मुंजाजी जो खचला तो खचलाच. स्वतःच्या दमाला तो कधी इतका भ्याला नव्हता. आपलं नशीब आपण भोगतो आहोत, यात एक प्रकारचा ताठाही होता. पण आपल्यापायी ते तिच्या छातीत शिरलं, हे त्याला सोसवेना. शनिवारचं तेल तो दुप्पट घालू लागला. रात्री ती झोपली की तिच्या श्वासाकडे कान लावून पडायचा. सारजाबाईला विचारलं तर ती म्हणायची, "धूळ असती, खोकला येणारच. तुमी आपलं उगं काहीबाही." आणि पहाटे जात्यावर तिची ओवी मधेच तुटली की म्हणायची, "पुढचं ध्यानात न्हाई आलं." जन्मभर पाठ असलेली ओवी तिला का आठवत नाही, हे मुंजाजीला कळत होतं.

मग भादव्यात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामी गेली. पिंगळीच्या स्टेशनावर तिरंगा लागला, पेढे वाटले गेले, बरीच माणसं रडली. मुंजाजीही स्टेशनापर्यंत गेला आणि बराच वेळ बाकावर बसून परत आला. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली तेव्हा मालकानं नव्या राज्याची नवी रीत म्हणून जुम्म्याची सुट्टी बंद करून रविवारची केली. बायकांना त्याचं काही नव्हतं. कोणत्या का वारी होईना, एक दिवस कपडे धुवायला मिळाला म्हणजे झालं.

शनिवारी सारजाबाई कामावर गेली आणि हसत परत आली. मुंजाजी दारातच उभा होता. "दम?" त्यानं विचारलं. "कशाचा दम?" ती म्हणाली. त्या दिवशी त्यानं शनीला नारळ फोडला. सोडलं, अखेर सोडलं, असं म्हणत तो प्रसाद घेऊन धुरपताबाईकडेसुद्धा जाऊन आला.

सोमवारी संध्याकाळी सारजाबाई लिंबाच्या पारावर बसलेली त्यानं पाहिली. पदरात तोंड धरून ती खोकत होती, आणि तिचे खांदे वर-खाली होत होते. ते खांदे त्याला ओळखीचे होते. पुढच्या सोमवारीही तेच झालं.

"सोमवारी?" जोशीबुवा जरा गडबडले. सोमवार महादेवाचा. त्याच्यावर कसं ढकलायचं? थोड्या वेळानं त्यांना सुचलं. "शनी आता वार बघंना झालाय म्हणजे मुक्कामाला आलाय घरात. त्याला जागा आवडली."

"मी घरातून गेलो तर जाईल का माझ्यासंगं?"

जोशीबुवांनी याचा विचार केलेला नव्हता. माणूस वाईट नव्हता तो. पण विचारलं की उत्तर द्यायचं, ही खोड अंगात मुरलेली. "जायला पायजे," ते म्हणाले. "तू त्याचा धनी. तू जिथं, तो तिथं."

मुंजाजीनं दोन-चार दिवस विचारात काढले. गंगाखेडला गोदावरीच्या काठी त्याची बहीण नर्मदाबाई राहत होती. तिच्या ओसरीला पडून राहू, घाटावर बसू, असं त्यानं ठरवलं. सारजाबाईला सांगितलं असतं तर तिनं कासोटा धरून मागं ओढलं असतं. म्हणून पुढच्या सोमवारी ती कामावर गेल्यावर त्यानं धोतर, घोंगडी आणि धोत्र्याची पानं एका फडक्यात बांधली, धुरपताबाईकडे किल्ली दिली आणि दुपारच्या गाडीनं परभणीला आला. गंगाखेडची गाडी दिवस मावळल्यावर होती. बाकावर बसून त्याला चैन पडेना. एवढं आयुष्य जिच्याबरोबर काढलं तिला न सांगता जायचं, निदान लांबून एकदा पाहू तरी, म्हणून तो बोचकं घेऊन हळूहळू जिनिंगच्या फाटकाशी आला आणि समोरच्या पानवाल्याच्या कट्ट्यावर बसला.

इतकी वर्षं तो त्या फाटकातून आत-बाहेर झाला होता. पण बाहेर बसून त्यानं ते कधी पाहिलं नव्हतं. स्वतः खोकत बाहेर पडणाऱ्याला दुसऱ्याचा खोकला कुठला ऐकू यायला?

भोंगा झाला. बायका बाहेर येऊ लागल्या. पहिली आली ती फाटकाचा गज धरून उभी राहिली आणि खोकली. तिच्या मागची रस्ता ओलांडून आली आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकली. एक तरणी पोर छातीवर मूठ दाबत गेली. रुईघरातले गडी आले, ते तर एकेक करून भिंतीला टेकूनच उभे राहिले. सगळे पांढरे. सगळ्यांचा खोकला एकाच जातीचा, कोरडा, खोलवरचा, मुंजाजीचा. त्या गर्दीत सारजाबाई कोणती, हे त्याला आधी ओळखूच आलं नाही.

तिनंच त्याला पाहिलं. "अहो, तुमी हितं? आन् हे बोचकं कशाचं?"

तिच्यामागं चतुराबाई होती, गेली कित्येक वर्षं मशीनवर बसणारी. तिला मुंजाजीनं विचारलं, "चतुराबाई, तुमाला बी दम लागायलाय?"

"लागतोय की सोमवारचा," चतुराबाई म्हणाली. "आयतवारी डोक्यावरनं न्हाती ना मी. गारठा बसतो छातीत."

"आन् जुम्म्याची सुट्टी व्हती तवा?"

"तवा जुम्म्याला न्हायची. मग शनिवारी लागायचा." तिनं जरा थांबून श्वास घेतला. "ही भुजंगाची बायको म्हणती, तिला सुट्टीच्या दिवशीची भजी बाधत्यात."

मुंजाजी कट्ट्यावरून उठला आणि पुन्हा बसला. न्हाणं, भजी आणि शनी. प्रत्येकानं आपापला वेगळा गुन्हेगार धरला होता, आणि खरा तिथं डोळ्यांसमोर, केसांवर, भुवयांवर पांढरा बसलेला होता. एक दिवस छातीला सुट्टी मिळाली की तिची सवय मोडायची, आणि दुसऱ्या दिवशी तो कापूस पुन्हा नव्यानं आत शिरायचा. मालकानं सुट्टी हलवली तर आकाशातला शनी काही आपला वार बदलणार नव्हता. मुंजाजीला एकदम हसू आलं, हसण्यानं दम लागला आणि सारजाबाई त्याची पाठ चोळत बसली. गंगाखेडची गाडी शिटी वाजवून निघून गेली तेव्हा दोघं पिंगळीच्या गाडीची वाट पाहत होती, आणि बोचकं कशाचं होतं हे तिला कळलं होतं. घरी आल्यावर ती म्हणाली, "परत असलं केलं तर बघा." आणि मग रडली.

दुसऱ्या दिवशी तिचा खाडा करवून मुंजाजी तिला परभणीच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरसाहेबांनी दोघांच्या छातीला नळी लावली. मुंजाजीच्या छातीवर ती बराच वेळ फिरत राहिली.

"काम काय करता?"

"जिनिंगला, साहेब. मी व्हतो, आता ही हाय."

डॉक्टरांनी नळी गळ्यात टाकली. ते सरळ बोलणारे होते. "मामा, तुमच्या छातीचं जे गेलं ते परत येणार नाही. दम कोंडला की ही गोळी घ्यायची, रोज नाही. चिलीम बंद. चुलीच्या धुरात बसायचं नाही, थंडीत छाती झाकायची, आणि बसून नका राहू, झेपेल तितकं रोज चाला. एवढं केलं तर दिवस बरे जातील."

"आन् धोत्रा?"

"धोत्र्यानं छाती सुटते, खोटं नाही. पण एखाद्या दिवशी डोक्यात जाईल."

मुंजाजीला दारातली बोर आठवली. तो खाली बघत म्हणाला, "माझं ऱ्हाऊ द्या. हिचं?"

"यांचं वाचेल. औषध एकच आहे, कापसात जायचं नाही. पुष्कळ वर्षं जात राहिल्या तर मग मी यांनाही हेच सांगेन, जे तुम्हाला सांगितलं."

इतकं स्वस्त औषध आणि इतकं महाग. घरी येताना सारजाबाई फणकारली, "डॉक्टरला काय जातंय सांगायला. त्याला कुठं भाकरी थापायची हाय? कामाला न्हाई गेलं तर खायचं काय?"

"किसनरावाच्या रानात जोंधळ्याची राखण हाय. माळ्यावर बसून डबडं वाजवायला मला दम लागत न्हाई. तू खुरपायला जा, काढणीला जा."

"त्यात कितीसं भागतंय?"

"अर्ध्यात भागवू."

"आन् तुमचा शनी? त्याचं काय मग?"

मुंजाजी लिंबाच्या पाराशी थांबला. नेहमीसारखा बसला. ती उभीच राहिली. आपण बसलो तर ते हरण्यासारखं होईल, असं तिला वाटत असावं. तो म्हणाला, "हे बघ, मला माझा दम सोसतो. सवय हाय मला त्याची. पण तू पहाटं ओवी मधीच टाकून 'ध्यानात न्हाई' म्हणतीस ना, ते मला ऐकवत न्हाई. त्यापरीस तू मला शिव्या दे."

तो पुढं म्हणाला, "येत्या सोमवारी कापसात जाऊ नको. दम लागला तर शनी खरा. मी माघार घेतो, तू खुशाल जा जिनिंगला."

तिनं ते कबूल केलं. नवरा हट्टाला पेटला आहे, एक सोमवार जाऊ द्यावा, एवढाच तिचा हिशेब होता. सोमवारी ती किसनरावांच्या रानात खुरपायला गेली. संध्याकाळी परत येताना लिंबापाशी तिचे पाय आपोआप थांबले, आणि आपण कशासाठी थांबलो, हे तिला कळेना. ती तशीच पुढं आली. मुंजाजीला तिनं हे सांगितलं नाही.

मंगळवारी पहाटे ती जात्यावर बसली. मुंजाजी घोंगडी पांघरून पलीकडच्या भिंतीशी पडला होता, डोळे मिटून, जागा. जातं घरघरलं. ओवी सुरू झाली. माहेरची वाट, वाटेतली बाभळ, भाऊ, त्याची बैलगाडी. आता तुटंल, असं त्याला वाटलं. तिथंच रोज तुटायची. ओवी त्या जागेवरून पुढं गेली, शेवटाला पोहोचली, आणि जोंधळ्याची मूठ जात्यात पडल्याचा आवाज आला. मग दुसरी ओवी. मुंजाजीनं घोंगडी तोंडावर ओढून घेतली, कारण या वयात पुरुषानं असं रडलेलं बरं दिसत नाही.

"एका सोमवारानं काय व्हतंय," सारजाबाई भाकरी देताना म्हणाली. "पुढचाबी बघू."

पुढचा सोमवार आला, त्याच्या पुढचाही, आणि जिनिंगचं नाव त्या घरात निघेनासं झालं. चतुराबाईला सारजाबाईनं सगळं जाऊन सांगितलं. तिच्या मागं चार तोंडं होती, तिला जाणं भागच होतं. पण ती ओलं फडकं नाकाला बांधून बसू लागली आणि रविवारचं न्हाणं तिनं निर्धास्त चालू ठेवलं. बन्सीधर जोशींना कळलं तेव्हा ते समाधानानं म्हणाले, "तेलाचा गुण आला म्हणायचा."

संक्रांत झाली. एका शनिवारी मुंजाजीनं वाटीत तेल घेतलं. सारजाबाईनं पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"आता कशाला? शनीचा काय संबंध ऱ्हायला?"

"त्याचाच तर राहिलाय. चल माझ्यासंगं."

देऊळ चढावर. मुंजाजी थांबत थांबत चढला, कारण गेलं ते काही परत आलं नव्हतं. काळ्या शिळेपुढं तो उभा राहिला. वाटी दोन्ही हातांत धरली आणि चांगला मोठ्यानं म्हणाला, म्हणजे जेवढा दम होता तेवढ्यानं, "देवा, लय वर्षं मी तुझ्यावर आळ घेतला. गावभर तुझं नाव खराब केलं. माझ्या बायकूच्या छातीत तू शिरलास असं म्हणलो. तुझा काई गुन्हा न्हवता. माफी कर." आणि तेल घातलं.

सारजाबाईनं पदर तोंडाशी धरला. ती हसते आहे की काय, ते त्याला कळलं नाही. तिलाही ते नीट सांगता आलं नसतं.

येताना तो लिंबाच्या पारावर बसला. "तू हो म्होरं," तो म्हणाला, "भाकरी टाक. मी येतो." ती निघाली. घराकडे पुन्हा थोडा चढ होता. मुंजाजी कान देऊन ऐकत राहिला. तिच्या जोडव्यांचा आवाज चढाला लागला, चढला आणि कुठंही न थांबता वळणावर गेला. खोकला आला नाही. थोड्या वेळानं धुरपताबाईशी तिचं काहीतरी मोठ्यानं बोलणं चाललेलं ऐकू आलं. मग मुंजाजी उठला आणि सावकाश घराकडे निघाला.